पांढरे चौकोन

"हा चौकोन पांढरा कसा?" शलाकाने विचारले.

सयाजीगंजातल्या कचेरीत टेबलभर नकाशा पसरला होता. सगळ्या जिल्ह्याचे चौकोन पाडलेले. जिथे प्राणी, पक्षी, झाडे जास्त तो लाल. तो आधी जपायचा. जिथे काहीच नाही तो पांढरा. शलाकाचे बोट सावली गावाच्या वर, मही नदीच्या कोतरांवर, म्हणजे काठच्या खोल घळींवर होते.

सलीलने संगणकावरून मान उचलली नाही. "तिथे शून्य आहे, ताई."

"शून्य? मी तिथे आडवी रेघ मारली होती. पावसाने वाट खचली होती, आम्ही खाली उतरलोच नाही. काठावरच्या बाई सांगत होत्या, आत तरसाने पिल्लं घातलीत. पण स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, म्हणून रेघ."

"मशीन रेघ घेत नाही. मी रेघेच्या जागी शून्य टाकलं."

"सगळीकडे?"

"एकशे बारा चौकोन."

शलाका खुर्चीत बसली. रेघा तिच्याच हातच्या होत्या. मग तिने सगळ्यांत लाल चौकोन शोधला. शहरातली कमाटीबाग. कॉलेजची मुले रोज सकाळी तिथेच पक्षी मोजतात.

"म्हणजे जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं रान हे! रिक्षा स्टँडच्या पलीकडचं!"

सलील हसला.

कचेरीचे प्रमुख विश्वासराव जाकीट चढवत आतून आले. "झाली का सही? चार वाजता नकाशा द्यायचाय."

"साहेब, नकाशा खोटा आहे."

"अगं, थोडं इकडेतिकडे चालशे, चालतं. पुढच्या वर्षी सुधारू."

"पुढच्या वर्षी कोतर राहील का? हा नकाशा मागितलाय कोणी?"

"कारखान्यांसाठी जागा बघतात त्यांनी." विश्वासरावांनी घड्याळ पाहिले. "त्यांना फक्त पांढरे हवेत."

"आणि लाल?"

"लाल कोणी मागितले नाहीत."

नकाशाच्या कोपऱ्यात, पाहणी करणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती. तिच्या सहीशिवाय नकाशा पुढे जात नसे. विश्वासरावांनी आपले पेन पुढे केले. तिने ते घेतले आणि कोतरांच्या चौकोनात लिहिले, 'इथे आम्ही गेलो नाही.' पेन इतके दाबले की कागद फाटला. त्याखाली तिने सही केली.

"झालं समाधान? आण इकडे." विश्वासरावांनी हात पुढे केला.

तिने डाव्या हाताने नकाशा दाबून धरला.

"सलील, एक झाला. एकशे अकरा राहिले. पुढचा वाच."

सलीलने साहेबांकडे पाहिले. मग रेघांच्या चौकोनांच्या यादीकडे.

"शेजारचाच आहे, ताई," तो म्हणाला.