आडवे हात

"अहो, अठरा वेळा बघून झाला तो व्हिडिओ. आता त्या पोरीचा गुडघा काही जागचा हलणार नाही," सुलक्षणा कणीक मळता मळता म्हणाली.

अंबादासनं फोन उपडा ठेवला. मग उचलला आणि एकोणिसाव्यांदा बघितला.

व्हिडिओ बेसबॉलच्या फायनलचा, जेमतेम सहा सेकंदांचा, कॅचरच्या पाठीमागून काढलेला. अजमानच्या संघातली सायरा धावत येते आणि धाव पुरी करायला होम प्लेटकडे घसरत झेप घेते. कॅचर वळून तिच्या गुडघ्याला ग्लोव्ह लावते. सायराचा हात प्लेटला लागतो तो त्यानंतर. धुरळा उडतो. कॅचर क्षणभर वाकलेलीच राहते, मग चेंडू उंच करून दाखवते. चेंडू धरलेला ग्लोव्ह आधी लागला, म्हणजे सायरा आऊट, यात वादच नाही. आणि मागे उभा असलेला जाडसर अंपायर दोन्ही हात आडवे पसरून ओरडतो, "सेफ!"

अंपायर म्हणजे अंबादास. कॅचर म्हणजे त्याची लेक, अंतरा. त्या एका 'सेफ'वर अजमानच्या मुली फायनल जिंकल्या आणि अंतराचा शारजाचा संघ हरला.

खरं तर त्याला तिथं उभं राहायचंच नव्हतं. ठरलेला अंपायर ऐन वेळी तापानं फणफणला. मैदानावर बेसबॉलचे नियम येणारा दुसरा माणूस कोण, तर एके काळी जळगावकडून खेळलेला आणि आता एसीच्या डक्टची कामं घेणारा अंबादास. मुलगी खेळतेय म्हणून तो नाहीच म्हणत होता. अजमानच्या कोच बदरुन्निसा मॅडमच म्हणाल्या, "सर, आप पे भरोसा है."

तिथंच घात झाला. कुणी असा भरोसा टाकला की अंबादास गरजेपेक्षा जास्त ताठ होतो. अख्ख्या सामन्यात त्यानं लेकीशी नजरसुद्धा मिळवली नाही. संपल्यावर लोकांनी पाठ थोपटली, बाप असावा तर असा म्हणाले. दोन दिवसांनी हा व्हिडिओ आला.

अंतरा मात्र फायनलच्या दिवसापासूनच त्याच्याशी धड बोलत नव्हती. जेवणाचं ताट खोलीत नेत होती. ग्लोव्ह तिनं बाल्कनीत वॉशिंग मशिनच्या मागे कोंबून ठेवला होता.

"व्हिडिओ बघितलास का गं?" त्यानं दाराशी उभं राहून विचारलं.

"लीव्ह इट, बाबा."

"अगं, पण चूक माझी आहे. तू तर तिला—"

"प्लीज! इट्स जस्ट अ गेम." दार लागलं.

"चौदा वर्षांची आहे. रुसेल नाही तर काय करेल?" सुलक्षणा म्हणाली. "पण तुम्हीही तिच्या मागे मागे फिरू नका. तुमचं तोंड बघवत नाही मला."

शारजाचा कोच सत्यजित रोज फोन करत होता. "अंबादासभाऊ, आपल्या लीगचा नियमच आहे. दहा दिवसांच्या आत अंपायरनं स्वतः लिहून दिलं, तर कमिटी निकाल बदलते. दबाव नाही हां. पण पोरी फार रडल्यात हो."

"आणि अजमानच्या पोरींचं काय?"

"त्या जिंकल्याच नव्हत्या ना पण."

नवव्या दिवशी दुपारी अंबादासनं साइटवर व्हॅनमध्ये बसून पत्र लिहिलं. चूक झाली, एवढ्यावर भागलं असतं. पण त्यानं पुढंही लिहिलं, 'हात का पसरले, ते मला आजही सांगता येत नाही. मुलीची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, या भीतीनं मी माझ्याच मुलीवर अन्याय केला असावा. यापुढे मी अंपायर म्हणून कधीही उभा राहणार नाही.'

सुलक्षणानं पत्र दोनदा वाचलं. "एवढं सगळं लिहायची गरज होती?"

"होती."

"अंतूला सांगू?"

"नको. कप हातात पडू दे, मग बघू कशी बोलत नाही."

कमिटीनं निकाल बदलला. शनिवारी सकाळी तो प्रॅक्टिस आहे असं सांगून तिला अजमानला घेऊन गेला. मैदानावर दोन्ही संघ रांगेत उभे होते. कपावरची अजमानच्या नावाची पट्टी काढली होती. स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली होती.

कमिटीनं वाचायला दिलेलं अंबादासचं पत्र बदरुन्निसा मॅडमनी त्याला परत केलं. "ग़लती किससे नहीं होती, सर? मानता कौन है?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला जरा सोपं गेलं असतं.

कप द्यायला सायराच पुढं आली. तिनं ताठ मानेनं दोन्ही हातांनी कप पुढं केला. "कॉन्ग्रॅट्स, अंतरा. यू वेअर राइट."

अंतरानं हात पाठीमागून काढलेच नाहीत. शेवटी सत्यजितनंच कप घेतला, टाळ्या वाजवून घेतल्या आणि फोटो झाल्यावर अंबादासच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवला. "आजचा दिवस कॅप्टनच्या घरी राहू दे," म्हणाला.

घरी परतताना अल नहदाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अंबादासला त्याचं काही वाटत नव्हतं. अजमानच्या पोरींचे चेहरे डोळ्यांपुढून हलत नव्हते हे खरं, पण न्याय म्हटला की कुणाला तरी लागणारच. त्यानं एसी वाढवला आणि लेकीकडे पाहिलं. ती खिडकीला डोकं टेकून रडत होती.

"अगं वेडे, आता कसलं रडतेस? बाप चुकला होता, बापानं निस्तरलं. खलास! आता तरी माझ्याशी बोलशील ना?"

अंतरानं नाक पुसलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी ग्लोव्ह लावला ना, तेव्हा त्यात बॉल नव्हताच."