मेट्रनबाईंच्या खोलीकडे

आईची बाही वर सरकवली तेव्हा मुलीला दंडावर एका ओळीत चार डाग दिसले, बोटांच्या अंतरावर. ते पिवळट पडले होते. त्यांच्या खाली आणखी चार, अजून निळे. म्हणजे एकदाच घडलेलं नव्हतं.

"कुठे आपटलीस?" उत्तर कळलेलं असूनही तिने विचारलं.

"मावशी," आई म्हणाली. "कुशीवर वळवताना. मी जड आहे ना."

वृद्धाश्रमातल्या त्या मदतनीस बाईला सगळेच मावशी म्हणत. आईसुद्धा, वयाने तिच्या आईएवढी असून.

"जड माणसाला दंड पिळून वळवत नाहीत." मुलीने दुसरी बाही वर केली. तिथेही तेच. "प्रभू म्हणतो दुसरा गाल पुढे कर, म्हणून दुसरा दंडही पुढे केलास वाटतं."

"केला. म्हणून तर दोन्हीकडे आहेत."

मुलीला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. तिने फोन काढून डागांचे फोटो घेतले. "मी मेट्रनबाईंकडे जातेय."

"थांब जरा. मी तिला माफ केलंय. रोज प्रार्थनेत तिचं नाव घेते. मनात राग उरलाय का तेही शोधलं. सापडत नाही."

"छान. तू माफ कर, मी तक्रार करते. कामं वाटून घेऊ."

आई हसली नाही. ती शेजारच्या खाटेकडे पाहत होती. तिथे एक निवृत्त शिक्षिका पडून असायच्या. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली होती.

"काल पाणी पाजताना या बाईंनी मान फिरवली," आई हळू आवाजात म्हणाली. "मावशींनी त्यांचाही दंड पिळला. मी डोळे मिटून प्रार्थना करत होते. बाईंचा आवाज ऐकला, तरी संपेपर्यंत डोळे उघडले नाहीत. माझं मी माफ केलं गं. बाईंचं मी कसं करू?"

मुलीने फोनमधले फोटो पुन्हा उघडले.

तेवढ्यात मावशी धुतलेल्या चादरी घेऊन आत आली. वर केलेल्या बाह्या बघून दारातच थबकली.

"मावशी, मला मेट्रनबाईंकडे जायचंय," आई म्हणाली. "तुमच्याबद्दल सांगायला. चाकाची खुर्ची आणता?"

मावशीने मुलीकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या फोनकडे. "आजी, परवा तुम्हीच म्हणालात ना, मला माफ केलं म्हणून? मी घरी जाऊन रडले त्या दिवशी."

"म्हणाले."

"मग आता हे काय?"

"मलाही नीट कळत नाही," आई म्हणाली. "माफ केलंय, ते परत घेत नाही. पण सांगणार आहे."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल बहुतेक."

"आई, मी नेते तुला," मुलगी उठली.

"तू नको. मला यांच्या पाठीमागे नाही बोलायचं. यांच्यासमोर सांगेन."

मावशीने चादरी पायथ्याशी ठेवल्या. ही आता चालती होणार, असं मुलीला वाटलं. पण मावशी खुर्ची घेऊन आली. ब्रेक लावला. आईच्या काखेत हात घालून तिला अलगद उचललं, बसवलं, एकेक पाऊल खुर्चीच्या पायपट्टीवर नीट ठेवलं. कुठेही बोटं रुतली नाहीत. ते पाहून मुलीचं डोकं आणखीच तापलं. म्हणजे येत होतं हिला.

दाराला उंबरा होता. चाकं अडली. मुलगी मदतीला सरसावली, पण मावशीने खुर्ची मागे कलती केली. आईचं डोकं मागे जाऊन मावशीच्या पोटाला टेकलं आणि तिथेच राहिलं. आईने डोळे मिटले होते. ओठ हलत होते. ती आता कोणासाठी काय मागते आहे, मुलीला काही केल्या कळेना.

पुढची चाकं हवेत धरून मावशी उभी राहिली, आईचे ओठ थांबेपर्यंत.