शेपटीबाईंचा काळोख

मायक्रोस्कोपमध्ये पुन्हा काळोख. बाईंनी काच सरकवली, दिवा वाढवला, चष्मा काढून डोळा लावला. काळोख तो काळोखच.

शेपटीबाई हे नाव प्रयोगशाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. बाई काम करायच्या साबणासारख्या रेणूंवर. अशा रेणूला पाणी आवडणारं डोकं असतं आणि पाण्यापासून पळणारी शेपटी. डोकं मोठं, शेपटी सडपातळ असली की रेणू पाण्यात गोळे नाहीतर कांड्या करून राहतात. दोन्हींची जाडी सारखी असली की चादरींसारखे थरावर थर. बाईंनी तीन वर्षं खपून एक नवा रेणू बनवला होता आणि त्याच्या शेपटीला मध्येच एक आखूड फांदी जोडली होती. शेपटी जाड झाली की थर लागतील, थरांचं मलम होईल, ते भाजलेल्या जखमेवर बसून हळूहळू औषध सोडेल, असा सगळा बेत. दिवसभर तोंडात शेपटी, शेपटी आणि शेपटी. मग पोरं काय गप्प बसतात?

मायक्रोस्कोपला दोन खास काचा होत्या. मिश्रणात थर असले तर त्यातून रंग झळकायचे, नुसतं पातळ द्रावण असलं तर काळोख. त्यामुळे इथली पद्धत ठरलेली. मिश्रण गरम करायचं, पातळ असतानाच ड्रॉपरने एक थेंब काचेवर घ्यायचा, गार झाला की बघायचा. काळोख दिसला की नळी धुवायला. अशा अकरा नळ्या गेल्या होत्या. ही बारावी आणि शेवटची.

"शुक्रवारपर्यंत काही दिसलं तर ठीक," प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "नाहीतर हा रेणू बंद. सोमवारी तुमचं टेबल दुसऱ्याला."

आज शुक्रवार. बाईंनी काळ्या चौकोनाचा फोटो काढून छापला, नळी धुण्याच्या ट्रेमध्ये ठेवली आणि वहीत लिहिलं, 'काहीच दिसत नाही.' त्या तिथेच रडल्या असत्या. पण समोर पोरं चहा पीत होती, म्हणून त्या उगाच पेन झटकत बसल्या.

तासाभराने काचसामान धुणारे काका तणतणत आत आले. हातात तीच नळी.

"ओ ताई, हे काय भरून ठेवलंय? सकाळपासून गरम पाणी बंद. गार पाण्यात घासून घासून माझे हात गळून पडले, आणि हे ढिम्म हलत नाही!"

"काका, पातळ आहे ते. ओतून टाका ना."

"पातळ? घ्या मग!" काकांनी नळी सरळ बाईंच्या उघड्या वहीवर पालथी केली.

"अहो, वही!" बाई किंचाळल्या.

थेंबसुद्धा पडला नाही. नळीच्या तळाशी पाण्यासारखं नितळ काहीतरी घट्ट बसून होतं. काकांनी वैतागून नळी टेबलाच्या कडेवर आपटली. आतला ऐवज थरथरला आणि बारीक वाजला. टण्ण!

बाई खुर्चीतून उठल्या.

"परत वाजवा."

टण्ण.

"काका, आधीच्या नळ्याही अशाच होत्या?"

"सगळ्याच! पण गरम पाणी ओतलं की वितळून जायच्या. म्हणून बोललो नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. फांदीमुळे शेपटी फारच फुगली होती. थर सपाट राहिलेच नाहीत. ते वाकले, एकमेकांत शिरले, आणि त्यांचं चहूबाजूंनी अगदी सारखं असं घट्ट जाळं झालं. सगळ्या दिशा सारख्या, मग प्रकाश वळणार कुठे? रंग कुठून येणार? हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते, आणि स्वतःच्या टेबलावर साफ विसरल्या होत्या! थरांचं मलम घसरलं असतं. हे जखमेवरून तसूभर हलणार नव्हतं. पक्कं काय ते सोमवारी एक्स-रे सांगणार होता, पण बाईंना आता दम कुठला?

त्यांनी नळी हिसकावली, फोटो उचलला आणि धावत सुटल्या.

"अहो, धुवायची आहे ती!" मागून काका ओरडले.

"खबरदार हात लावाल तर!"

सर दाराला कुलूप लावत होते. बाईंचा अवतार बघून थबकले.

"काय हो? दिसलं का काही?"

बाईंनी काळाकुट्ट फोटो त्यांच्या हातात कोंबला, नळी त्यांच्याच डोक्यावर पालथी धरली आणि आनंदाने ओरडल्या, "काहीच दिसत नाही, सर! काही म्हणजे काहीच नाही!"