झूम नसलेली लेन्स

फोटो क्लबची मंडळी मार्केट यार्डात गेली, तेव्हा अपेक्षाच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बिस्किटाएवढी, स्वस्तातली वाइड लेन्स होती.

"याला झूमच नाही?" आपली हातभर लांब लेन्स सावरत अध्यक्ष हिंमतराव म्हणाले. "मग जवळचा फोटो कसा काढणार?"

"जवळ जाऊन."

पुढे क्लबच्या प्रदर्शनात दोघांच्याही फोटोत यार्डात कांदे निवडणारी एकच बाई होती. अध्यक्षांच्या फोटोखाली लिहिलं होतं 'श्रमदेवता', अपेक्षाच्या फोटोखाली 'मथुराबाई'.

"अहो, हे काय शीर्षक झालं? काहीतरी अर्थपूर्ण द्या, नाहीतर फोटो उतरवावा लागेल," अध्यक्षांनी बजावलं.

अपेक्षाने दाराकडे बोट दाखवलं.

 

"त्या बघा, चपला काढतायत. नाव बदलायचंय, हे तुम्हीच त्यांना सांगा."