दुसऱ्या रांगेतली तिसरी

बॅलेच्या दुपारच्या प्रयोगानंतर आई-बाबा नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी फुलं घेऊन उभे होते. ते दिसताच लेकीने कुबडी वॉचमनकडे दिली आणि ताठ चालत बाहेर आली. तिला शिकायला परदेशी धाडल्यावर अकरा वर्षांनी ते पहिल्यांदाच आले होते. सकाळी तालमीत घोटा मुरगळला, तिच्या जागी दुसरी नाचली, हे सांगायला जीभ रेटेना. "चोवीस जणी एकसारख्या, पण आपली कार्टी लपते होय!" बाबा खुशीत म्हणाले. आईने डोळे पुसले. "दुसऱ्या रांगेतली तिसरी ना? हात वर केलास अन् लगेच ओळखलं तुला." रांगेत कुणीही ओळखू येता कामा नये, हेच तर नाच शिकवणाऱ्या बाईंनी अकरा वर्षं गिरवून घेतलं होतं. "हो, मीच," ती म्हणाली. टॅक्सी चाळीस पावलांवर होती. तिथवर न लंगडता चालणं, एवढाच तिचा आजचा नाच होता.