घरचा नंबर

उल्हास नदीच्या काठावर कयाकिंगला आलेले सगळे एकमेकांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून देत होते. बदलापूरहून एकटेच आलेल्या चिंतामणी काकांचे पट्टे गाइड रोहिणीने आवळले. मग तिने सगळ्यांचे मोबाइल वॉटरप्रूफ बॅगेत गोळा केले. काकांनी दोन टाकले.

"एक राहिलं," ती म्हणाली. "फॉर्मवर घरचा जो नंबर दिलाय, तो मी लावून बघते. लोक काहीही लिहितात हो!"

काकांच्या फॉर्मवर लिहिलं होतं, 'कुंदा, पत्नी'. रोहिणीने नंबर लावला आणि तिच्याच खांद्यावरच्या बॅगेत रिंग वाजू लागली.

"काय हे काका! काकूंचा फोन तुम्हीच घेऊन आलात? आता काही झालं तर त्यांना कळवायचं कसं?"

ती फोन कट करायला गेली, तसा काकांनी घाईघाईने तिचा हात थांबवला.

"वाजू दे गं थोडा वेळ. ती गेली तेव्हापासून दर महिन्याला रिचार्ज मारतोय. आज पहिल्यांदा कोणीतरी तिला फोन केलाय."