पांगाऱ्यावरची भोकरी

छाटणीला आलेल्या गोकुळने कात्री खाली ठेवली आणि सरळ हात जोडले. "चिमाकाकू, बाकीचा सगळा बाग छाटतो, पण हिला कात्री लावायचं मला सांगू नका. देवाला कुणी कापतं व्हय?"

येडगावच्या त्या द्राक्षबागेत सगळीकडे लोखंडी मांडव. बांधाच्या कडेला मात्र, जुन्या रीतीने पांगाऱ्याच्या जित्या झाडावर चढवलेली, भोकरी जातीच्या द्राक्षाची एकच वेल उरली होती. पुण्याचे पाहुणे तिचे फोटो काढायला लागले, तशी चिमाबाईंच्या संपतने तिथे 'वारसा वेल' अशी पाटी ठोकली. पाटी आली म्हटल्यावर कुंकू आलं, कुंकवामागून नारळ. कुंकवाचं पहिलं बोट चिमाबाईंनीच लावलं होतं. कौतुक कुणाला नको असतं! मग गेल्या साली तिला छाटायला कुणी धजलंच नाही. वेल माजली, नुसता पाला. एक घड धरला नाही.

"आई, राहू दे की," संपत म्हणाला. "पावण्यांना हिरवीगार बघाया आवडती. आन् छाटली नि वाळली तर?"

चिमाबाईंनाही तीच भीती होती. सासऱ्यांच्या हातची वेल. गाव काय म्हणेल ते निराळंच, पण आपल्या हातून गेली तर त्यांना स्वतःलाच सोसलं नसतं. तरी त्या मण्यांची आंबटगोड चव आता नीट आठवेना, याची त्यांना जास्त धास्ती वाटली.

त्यांनी कात्री उचलली. मुठीवर खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू अजून होतं.

"ह्या कात्रीची पूजा केली ती काय बसवून ठेवायला? आन् ह्यो देव छाटल्याबिगर फळत न्हाई."

वेलीला नमस्कार करून त्यांनी पहिली काडी कापली. मग दुसरी. डोळा चुकत नव्हता. संपतने शिडी आणून धरली. बघता बघता पांगाऱ्याचं खोड उघडं पडलं आणि खाली काड्यांचा ढीग झाला.

त्यातली एक जाड, पिकलेली काडी त्यांनी गोकुळला दिली. त्याने ती प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला टेकवली.

"कपाळाला काय टेकवतोस?" चिमाबाई ओरडल्या. "घरी जाऊन मातीत खोच!"